नऊ घागरी

अक्का होती तोवर हे लिहिता आलं नसतं, कारण ती वाचायची. माझं एक पुस्तक तिनं वाचलं आणि त्यातून काय झालं तेच इथं सांगायचं आहे. दुसरं तिच्या हाती पडू देण्याइतकी मी निर्ढावलेली नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. आधी साधा ताप आला, मग छाती भरली. धुळ्याच्या दवाखान्यात सहा दिवस होती. सहाव्या दिवशी सकाळी तिनं मला घरी जाऊन आंघोळ करून यायला सांगितलं. मी परत आले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. मला मुद्दाम घालवलं असं मी अजून म्हणते. तिचा स्वभाव तसाच होता.

आम्ही चोपड्याकडच्या. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी तिला झोपेत चालायची खोड होती. डोळे उघडे, चाल नेहमीची, पण बोलावलं तरी ओ द्यायची नाही. एकदा अशीच उठून केळीच्या बागेपर्यंत गेली होती. तेव्हापासून आई आपल्या पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधून झोपायची. पुढं खोड गेली असं सगळ्यांनी धरलं. लग्न जमवताना कोणी हा विषय काढला नाही, हे वेगळं सांगायला नको. मी रहस्यकथा लिहिते. दुवा आधी ठेवावा लागतो, नाहीतर वाचक फसवल्याची तक्रार करतात, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवलं.

पोटासाठी मी धुळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात कोणी भुताचं नाव काढलं की त्याला बाकावर उभं करायचे. आणि सुट्टीत घरी बसून लोकांची झोप उडेल अशी पुस्तकं लिहायचे. मुलांच्या पालकांना यात काही विसंगत वाटायचं नाही, मलाही वाटायचं नाही.

अक्का नरडाण्याला दिलेली. भाऊजी तिथल्याच एका कारखान्यात कामाला होते. कमी बोलणारा, उंच, जरा पोक काढून चालणारा माणूस. मूल नव्हतं. घरात तिसरे फक्त आबा, म्हणजे अक्काचे सासरे. एका श्रावणात भाऊजी पहिल्या पाळीला म्हणून घरातून निघाले आणि कारखान्यात पोचलेच नाहीत. मोटारसायकल दुसऱ्या दिवशी रेल्वे स्टेशनाबाहेर सापडली. नीट स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं, डबा हँडलला लटकलेला. डब्यात पोळ्या तशाच. गाडीत बसताना त्यांना कोणी पाहिलं नाही, रुळांवर काही सापडलं नाही, कोणाशी भांडण नव्हतं, कागदपत्रं जागच्या जागी. पोलिसांनी नोंद घेतली, फोटो नेला. आम्ही सुरतेपर्यंत शोधलं, भुसावळपर्यंत शोधलं. महिन्याभरात सगळे थकले. अक्का थकली नाही.

भाऊजींचा एक तांब्याचा तांब्या होता. सकाळी निघताना त्यातलं अर्धं पाणी उभ्या उभ्या प्यायचे, वरून, ओठ न लावता, डावा हात कमरेवर ठेवून. उरलेलं अर्धं कामावरून आल्यावर. त्या दिवशीही अर्धं पिऊन गेले होते. उरलेलं पाणी अक्कानं फेकलं नाही. ते आटून तळाला हिरवट डाग राहिला, तेव्हा तिनं तांब्या चिंचेनं घासला, भरला आणि मधल्या खोलीत फळीवर त्याच्या जागी ठेवला. तेव्हापासून रोज सकाळी तांब्या काठोकाठ भरायचा, हा तिचा नेम झाला.

आबांना मात्र दुसऱ्याच पाण्याची काळजी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे तुमचं खरबूज, जोडीला आंबा आणि सांजोऱ्या. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेकाचं नाव घ्यायचं. वैशाखाच्या उन्हातून वाट चालत आलेला जीव पाणी पिऊन तृप्त होऊन जातो, अशी समजूत. ज्याच्या नावाची घागर भरली जात नाही तो दारातून तसाच कोरडा परत जातो, अशी त्या समजुतीची दुसरी बाजू. दर आखाजीला आबा ओट्यावर बसून तेच बोलायचे.

"मना पोऱ्याले तीस लागेल व्हई. उनमा फिरत व्हई तो."

तीस म्हणजे तहान. आणि दर आखाजीला अक्का आतून तेच उत्तर द्यायची.

"घागर मरेल माणूसनी भरतस, आबा. मना मानूस मरेल नही."

इतकंच बोलायची आणि कामाला लागायची. आबांना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. ते तिच्या आवाजाच्या दिशेनं बराच वेळ बघत बसायचे. मला दोघांचाही राग यायचा. माणूस आहे की नाही ते पोलिसांना कळत नाही आणि हे दोघं मडक्यावरून ठरवायला निघालेत, असं मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायचे. नाकावर राग ठेवून हिंडायचं माझं वय गेलं, राग तसाच राहिला.

चौथ्या वर्षी अक्कानं मला तांब्याचं सांगितलं. भाकरी थापत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, की तांब्या सकाळी भरून ठेवते आणि चहाच्या वेळेला पाहिलं तर अर्धा असतो. रोज नाही, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. बरोबर अर्धा. मी म्हटलं, आबा पीत असतील. ती म्हणाली, आबा ओट्यावरून उठत नाहीत, त्यांचा माठ त्यांच्याजवळ असतो. मांजर असेल. मांजर तांब्यात तोंड घालून अर्धंच पाणी कसं पिईल? हे कोणाला सांगू नको, असं तिनं शेवटी बजावलं. मी मान डोलावली.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुद्दाम आठ दिवस राहायला गेले. विज्ञानाची बाई, मी काय सोडते? पहिल्या दिवशी तांब्याच्या आतल्या बाजूला खडूनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी वर थाळी झाकली. उन्हानं किती आटतं ते पाहायला शेजारी तेवढाच दुसरा तांब्या भरून ठेवला, तो करंगळीच्या नखाइतकाही उतरला नाही. मधल्या खोलीच्या दाराला दोरा लावून पाहिला. अक्का माझे उद्योग बघून हसायची. तिच्या घरात मी शाळेची प्रयोगशाळा उघडली म्हणायची. पण रोज दुपारचं जेवण झाल्यावर पडताना विचारायची, आज काय दिसलं?

पाचव्या दिवशी दिसलं. ती मधल्या खोलीत फरशीवर निजली होती. मी स्वयंपाकघराच्या दाराआड पाटावर, मांडीवर वही घेऊन बसले होते. ती उठली. पदर सावरला, फळीपाशी गेली, थाळी काढून बाजूला ठेवली. माझ्याकडे पाठ होती. मग तांब्या परत ठेवला, थाळी झाकली, आली आणि निजली. पाऊण तासानं जागी झाली, चूळ भरली, फळीपाशी गेली आणि थाळी उचलून तिथंच उभी राहिली.

"देख," ती म्हणाली.

तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तिच्या हळदीच्या दिवशी. मी गप्प बसले. म्हटलं, कळत नाही बाई. माझ्या गप्प बसण्याला दोन कारणं होती. एक तिचं तोंड. दुसरं असं, की मांडीवरच्या वहीत तोवर दोन पानं लिहून झाली होती आणि ती प्रयोगाची टिपणं नव्हती. आधी कोणतं कारण आलं, हे मी स्वतःला विचारत नाही.

कादंबरी लिहायला तीन वर्षं लागली. नवरा नाहीसा झालेल्या बाईची गोष्ट. गाव बदललं, कारखान्याचा साखर कारखाना केला, तांब्याचा पितळी लोटा केला, म्हणजे फार काही बदललं नाही. घरात रोज अर्धं पाणी नाहीसं होतं. एका वाटेनं पाहिलं तर नवरा जिवंत आहे, गुन्हा करून लपलाय आणि भर दुपारी गाव निजलेलं असताना घरात येऊन जातो. दुसऱ्या वाटेनं पाहिलं तर तो केव्हाच मेलाय आणि तहानेनं परत येतो. दोन्ही वाटांना पुरावे मी मापून दिले होते, एकाला एक जास्त नाही. शेवटच्या पानावर ती बाई कणगीआड लपून बसते, दाराची कडी वाजते, ती बाहेर बघते, आणि पुस्तक संपतं. तिसरी वाट, म्हणजे खरी वाट, मी पुस्तकात येऊच दिली नाही. ती फार साधी होती आणि मला सोसणारी नव्हती.

पुस्तकाचं कौतुक झालं. लोक फोन करायचे, शेवट काय ते कळत नाही हीच तर गंमत आहे म्हणायचे. जळगावला एका कार्यक्रमात मी तासभर बोलले, की चांगल्या रहस्यकथेनं वाचकाला उंबरठ्यावर उभं करून सोडून द्यावं, आत ढकलू नये. टाळ्या पडल्या. खांद्यावर शाल होती, आणि मला स्वतःचं बोलणं फार आवडत होतं.

पहिल्या प्रतींपैकी एक मीच नेऊन अक्काला दिली होती. पहिल्या पानावर 'अक्कास' असं लिहून. ती दहावीपर्यंत शिकलेली, पेपर बोट फिरवत वाचायची. अडीचशे पानं ती वाचेल असं मला वाटलं नाही. चार पानं चाळून देवघराशेजारी ठेवेल, बहिणीचं पुस्तक म्हणून आल्यागेल्याला दाखवेल, असा माझा हिशेब. तिनं ते दोनदा वाचलं.

आखाजीला महिनाभर राहिला असताना एका रविवारी सकाळी ती न कळवता धुळ्याला आली. एसटीतून उतरून पायी आली होती, घाम गळत होता, पिशवीत पुस्तक. पाणी दिलं तर तिनं पेला तसाच खाली ठेवला.

"आते शेवट सांग," ती म्हणाली. "तो मानूस जित्ता शे का मरेल?"

मी हसले. मला वाटलं, वाचक आहे, विचारते आहे. मी तिला जळगावचंच भाषण थोडक्यात दिलं, की ते वाचकावर सोडलंय, ज्याला जसं वाटेल तसं.

"मी वाचनारी नही," ती म्हणाली. "मी त्यासनी बायको शे. तूच लिखेल शे ना? मंग तुले मालूम व्हई."

मग तिनं सगळं सांगितलं. पुस्तकातल्या बाईसारखं तिनंही ठरवलं, की बघायचंच. तीन आठवडे ती दुपारची निजली नाही. डोळ्यांत पाणी मारून, कधी सुई टोचून घेऊन, मधल्या खोलीच्या दाराआड बसून राहिली. तीन आठवडे तांब्या काठोकाठ राहिला. एक घोट कमी झाला नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सांगता सांगता तिचा आवाज खाली गेला.

"कोनले सांगू नको म्हनेल व्हतं तुले. तू लिखी टाकं, म्हनीसन त्यासनी येनंच बंद करी टाकं."

ती माझ्यावर चिडली असती, ओरडली असती, तर मी सोसलं असतं. तिनं हात जोडले. माझ्यापुढं माझी मोठी बहीण हात जोडून बसली, की आता दुसरं पुस्तक लिही आणि त्यात लिही, की घर मोकळं आहे, कोणी लपून बसलेलं नाही, त्यांनी यावं. माझं डोकं फिरलं. कशाचा राग आला ते नीट सांगता येत नाही. तिच्या खुळेपणाचा आला, स्वतःचा आला, भाऊजींचा तर फार आला. मी उभी राहिले आणि वर्गात फळ्यापाशी बोलते त्या आवाजात तिला सांगून टाकलं.

"कोनी येत नही, अक्का. तूच पानी पी जास. झोपमा ऊठीसन तूच. मी देखेल शे मना डोयानी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी सांगत गेले, थाळी, खडूची रेघ, पाचवा दिवस. आईच्या पदराची आठवण करून दिली. तू जागी राहिलीस म्हणून पाणी कमी झालं नाही, इतकं सरळ आहे, म्हणाले. शेवटी मी थांबले तेव्हा तिनं पेला उचलला, पाण्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. मला वाटलं, आता विचारेल, इतकी वर्षं का नाही बोललीस. त्या प्रश्नाला मी तयार होते. तिनं तो विचारलाच नाही.

"म्हनजे," ती हळू म्हणाली, "नऊ वरीसपाइन त्यासले पानीच भेटनं नही."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी खाली बसले. मी तिच्या डोक्यातलं भूत काढायला गेले होते. तिचा प्रश्न तो नव्हताच. तिच्यासाठी गोष्ट एवढीच होती, की नवऱ्यासाठी ठेवलेलं पाणी ती स्वतः पिऊन टाकत होती आणि वर घागरही भरू देत नव्हती. मी म्हटलं, ते जिवंतही असतील, कोणाला माहीत. तिनं मान हलवली. तिनं विचार करून ठेवला होता, किंवा तिथंच, माझ्या बैठकीत बसून केला असेल.

"जित्ता व्हतीन तं त्यासले कोठेबी पानी भेटी. मरेल व्हतीन तं फक्त मना हातनंच."

दुपारच्या एसटीनं ती परत गेली, जेवलीसुद्धा नाही. पुस्तक माझ्याकडेच ठेवून गेली.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी नरडाण्याला पोचले. आठवडी बाजारात कुंभारीण मडकी मांडून बसली होती. अक्कानं वाकून, टिचकी मारून, एकेक आवाज ऐकून नऊ घागरी निवडल्या. कुंभारीण तिच्या तोंडाकडे बघायला लागली. एका घरात नऊ माणसं गेली का, असं तिनं दबक्या आवाजात विचारलं. अक्का म्हणाली, एकच. एकाच माणसाच्या वर्षावर्षाच्या. कुंभारणीनं डोक्यावरची चुंबळ काढून दिली, की नेताना लागेल. हातगाडीवरून आम्ही त्या घरी आणल्या. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या, कोणी हसलं नाही.

सकाळी दोघींनी पाणी आणलं. मधल्या खोलीत फळीखाली भिंतीशी ओळीनं नऊ घागरी मांडल्या, नऊ मडकी, नऊ डांगरं. आंबे पुरले नाहीत, तेव्हा शेजारणीनं न मागता आणून दिले. ओळीच्या पुढं अक्कानं भाऊजींचा तांब्या घासून, भरून ठेवला. आबांना हाताला धरून आत आणलं, त्यांनी एकेका घागरीवरून हात फिरवला. मोजून झाल्यावर सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर जाऊन बसले. उंबरठ्यावर अक्कानं कुंकवाची बोटं ओढली. सासूचं, चुलतसासऱ्याचं, आजेसासऱ्याचं. भाऊजींचं बोट ओढायची वेळ आली तेव्हा हात तिथंच थांबला. कुंकवाची वाटी घेऊन ती उठली. घागर भरली होती, पण अजून तिनं त्यांना मेलेलं म्हटलं नव्हतं.

दुपारी जेवणं झाली. आदल्या दिवसापासून तिची पाठ टेकली नव्हती, डोळे मिटत होते. ती घागरींपासून चार हात दूर निजली आणि पदराचं टोक माझ्या उजव्या मनगटाला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"मी ऊठनी तं माले धर," ती म्हणाली. "आज त्यासनं पानी माले पेऊ देऊ नको."

मी हो म्हटलं. भिंतीला टेकून बसले. बाहेर ऊन असं होतं की ओट्यावरचं कुत्रंही मोरीत येऊन पडलं. अर्धा तास झाला असेल. मनगटाला ओढ बसली. ती उठून उभी होती. डोळे उघडे.

पदर एकदा जोरात ओढला असता तर ती जागी झाली असती. तेवढ्यासाठीच तर मला बसवलं होतं. पण मग ती जागी झाली असती ती तांब्याकडे चालताना, आणि मी सांगितलेलं सगळं तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं असतं. मी ओढलं नाही. मीही उठले आणि गाठ ताणू न देता तिच्यामागून चार पावलं गेले.

तिनं तांब्या उचलला. मागच्या वेळी पाठ होती म्हणून मला दिसलं नव्हतं. या वेळी मी बाजूला होते. अक्का आयुष्यभर पेल्यानं, बसून, ओठ लावून पाणी प्यायली. त्या दुपारी ती उभ्यानं प्यायली, वरून, ओठ न लावता. जरा पोक काढून. डावा हात कमरेवर. एक थेंब सांडला नाही. बरोबर अर्धं झाल्यावर तांब्या खाली ठेवला, आली आणि निजली.

मी विज्ञानाची बाई. झोपेत चालणारं माणूस जवळच्या माणसाच्या लकबी उचलतं, हे मला ठाऊक आहे, नसेल तर शोधून काढीन. पण त्या वेळी मनगटाला बांधलेला पदर मी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला होता, एवढं मात्र लिहून ठेवते.

ती जागी झाली. आधी माझं मनगट पाहिलं. गाठ तशीच होती. मग तांब्या पाहिला.

"मी ऊठनी व्हती का?"

"नही," मी म्हटलं. "तू झोपेलच व्हती."

"मंग?"

तेव्हा मी सांगितलं. "भाऊजी उनथात." म्हणजे, आले होते.

ज्या बहिणीनं खडूची रेघ मारून तिचा नवरा पुसून टाकला होता, तीच बहीण हे सांगत होती, आणि म्हणूनच तिनं विश्वास ठेवला. दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं.

"कसा व्हतात?"

उभ्यानं प्यायले, मी म्हटलं. वरून. डावा हात कमरेवर. यात एक शब्दही मला रचावा लागला नाही. तिनं पुन्हा विचारलं, पोटभर प्यायले का? मी म्हटलं, हो, आणि तुझ्याकडे बघून गेले. हे मात्र रचलं.

अक्का रडायला लागली. नऊ वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. पोलीस आले तेव्हा नाही, डबा घरी आणला तेव्हा नाही. आता ती आडवी पडून, गुडघे पोटाशी घेऊन, लहान मुलीसारखी रडली आणि माझा हात पदराला बांधलेला असल्यानं मला तिच्याजवळच बसावं लागलं. रडणं संपल्यावर तिनं गाठ सोडली, तोंड धुतलं, कुंकवाची वाटी घेतली आणि उंबरठ्यापाशी बसली. शेवटचं बोट ओढलं. नाव घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या तोंडून भाऊजींचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ओट्यावर आबांनीही ऐकलं, कारण त्यांनी काठी खाली ठेवली. ते नाव मी इथं लिहीत नाही.

त्या एका बोटानं माझी बहीण विधवा झाली. ते बोट मी ओढायला लावलं, जे मी पाहिलं त्याच्यावर खोटं रचून. खोटं असं मी म्हणते. बहुतेक दिवस म्हणते. पुढं तांब्या तिनं पालथा घालून ठेवला आणि दुपारी शांत झोपायला लागली. आबा त्याच पावसाळ्यात गेले, समाधानानं गेले असं गावात म्हणतात. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकांनी विचारलं, शेवटात काही बदल करायचाय का. मी नको म्हटलं. शेवट मला अजून माहीत नाही.

आबांनंतर नरडाण्याचं घर बंद झालं आणि अक्का माझ्याकडे धुळ्याला राहायला आली, तांब्या घेऊन. यंदाच्या आखाजीला तिची घागर मी भरली. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी, कारण दुसरीकडे सावली नव्हती. मडकं, डांगर, दोन सांजोऱ्या, पुढं तो तांब्या काठोकाठ. नवरा मुलाकडे पुण्याला गेला होता. जेवून मी समोर पाटावर बसले, आणि नंतर मुद्दाम पडले, की मी बघत बसले तर ती यायची नाही. झोपही लागली. चहाच्या वेळेला उठून पाहिलं तर तांब्या भरलेलाच होता, काठापर्यंत, एक घोटसुद्धा कमी नाही. मला खोटं सांगायला घरात कोणी नव्हतं.